फोन न घेता मिळालेली नोकरी

ऑपरेशननंतर माझं बोलणं घरच्यांना पूर्ण कळतं, ओळखीच्यांना निम्मं कळतं आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला जवळजवळ कळतच नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी शोधायला निघालो तेव्हा सगळ्यात जास्त नडली ती ही तिसरी गोष्ट. वय नडेल, आजार नडेल अशी मनाची तयारी होती. पण वय आणि आजार विचारण्याआधीच फोनवरची मुलगी "हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवून द्यायची.

मी कोल्हापूरचा. डिप्लोमा झाल्यापासून मशिन शॉपमध्येच आहे. आधी उद्यमनगरात लहान शॉपमध्ये, मग शिरोली एमआयडीसीत इन्स्पेक्टर आणि शेवटची वर्षं क्वालिटीचा सुपरवायझर. 2022 मध्ये डाव्या गालाच्या आतली एक जखम भरेना. बायोप्सीत कॅन्सर निघाला. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. डावीकडचा खालचा जबडा काढला, पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड घेऊन तो परत बांधला, मानेतल्या गाठी काढल्या. मग सहा आठवडे रेडिएशन, आठवड्याला पाच दिवस, एकूण तीस बैठका. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा-ये, कॅन्सरच्या पेशंटला इलाजासाठी रेल्वेच्या तिकिटात सवलत असते तेवढाच आधार. आजाराची हकिकत इथेच आवरतो, ती सांगणारे पुष्कळ आहेत. त्यानंतरचं कुणी फारसं सांगत नाही.

आधीच्या कंपनीनं वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, पण चांगलंही वागवलं नाही. रजा संपल्या, मग बिनपगारी झालो, मग एचआरमधून निरोप आला की राजीनामा द्या, फुल अँड फायनल हिशेब लगेच करून देतो. नात्यातल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुम्ही सुपरवायझर, त्यामुळे कायद्याच्या भाषेत 'कामगार' होत नाही. आणि सततच्या आजारपणामुळे कमी केलेल्या माणसाला कामगार कपातीची भरपाईही मिळत नाही." भांडायला अंगात त्राणही नव्हतं. सही केली. ग्रॅच्युइटी मिळाली, पीएफमधून आजारपणासाठी आधीच उचल घेतली होती, तिच्यातलं जे उरलं ते उरलं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम मात्र राजीनाम्याबरोबर गेला, आणि ते नुकसान पगारापेक्षा मोठं होतं हे नंतर कळलं.

पोरगा पुण्यात. तो म्हणाला, "बाबा, आता कशाला नोकरी? मी पाठवतो की." तो पाठवतोच. पण पंचावन्नाव्या वर्षी दुपारी दोन वाजता घरात बसून सीरियल बघणारा माणूस आणि त्याची बायको यांच्यात जे काय होतं ते पोराला पुण्यात बसून कळायचं नाही. शिवाय पेन्शनचा हिशेब करून बघितला. ईपीएस म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, तिच्यात दहा वर्षं सेवा झाली असेल तर पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येते, पण 58 ला जेवढी वर्षं कमी तेवढी दर वर्षाला चार टक्के कपात, तीही कायमची. माझी पेन्शन पाच हजारांच्या आतबाहेर बसत होती, त्यातून आणखी बाराएक टक्के कापून घ्यायचे. 58 पर्यंत थांबायचं ठरवलं. म्हणजे मधल्या तीन वर्षांचा प्रश्न होता.

नोकरी शोधायच्या आधी मी वेगळाच एक उद्योग केला, आणि तो सगळ्यात उपयोगी पडला. इन्स्पेक्शनला जॉब, म्हणजे मशिनवर घडवलेला भाग, येतो तेव्हा आपण त्याचं एकेक माप घेऊन लिहितो, तसं मी माझंच लिहून काढलं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावते. डाव्या हातानं पाच किलोच्या वर उचलायचं नाही. उजवा हात, बोटं, नजर जशीच्या तशी. उभं राहून चार तास होतात, मग ज्या पायाचं हाड काढलं तो घोटा धरतो. तोंडाला लाळ नाही, दर दहा मिनिटांनी पाण्याचा घोट लागतो. चावून खाता येत नाही. बोलताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी येतं, रुमाल लागतो.

तोंड उघडण्याचं माप बोटांत घेतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. रेडिएशननंतर माझं एकही धड जात नव्हतं. फिजिओच्या बाईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणायला सांगितल्या. उजवीकडच्या दातांत काड्यांची चळत धरायची, पाच मिनिटं तशीच ठेवायची, मग मधोमध आणखी एक काडी सरकवायची. ती शेवटची काडी सरकवताना डोळ्यांतून पाणी येतं. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला वाटायचं, हे घरी कुल्फी करून विकतात. महिनोन्महिने करून दोन बोटांवर आलो. उच्चार सुधारले ते त्यामुळे. प, ब, म अजून नीट निघत नाहीत, पण निदान त, द, क ओळखू येऊ लागले.

आणि थकवा. सकाळी अकराला वाटायचं, रात्रीचे अकरा वाजलेत. सगळे म्हणायचे, एवढं मोठं दुखणं, अशक्तपणा राहणारच. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितली. मानेला रेडिएशन झालं की पुढं थायरॉइड मंदावू शकतो. माझा मंदावला होता. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत माणसात आलो. ज्यांच्या मानेला रेडिएशन झालंय त्यांनी अशक्तपणाला शिव्या देण्याआधी ही एक रक्ततपासणी करून घ्यावी. तिच्याशिवाय मी कुठं रुजू झालो असतो तर आठवड्यात घरी आलो असतो.

फिटनेस सर्टिफिकेटचंही असंच. पहिलं मिळालं त्यावर 'हलक्या कामासाठी योग्य' एवढंच होतं. हे वाक्य कारखान्यात कुणाला आवडत नाही. हलकं काम म्हणजे काय, हे एचआरला माहीत नसतं, आणि माहीत नसलं की तो नाही म्हणून मोकळा होतो. पुढच्या तपासणीला मी माझी ती यादी घेऊन गेलो आणि डॉक्टरांना विनंती केली की यातलं तुम्हाला पटेल ते लेटरहेडवर लिहून द्या. त्यांनी वाचलं, हसले आणि लिहून दिलं: डाव्या हातानं पाच किलोपेक्षा जास्त नको, खांद्यावरचं काम नको, रात्रपाळी नको, मोजमाप आणि तपासणीच्या कामाला हरकत नाही. हा कागद पुढं प्रत्येक टेबलावर वाचला गेला.

अपंगत्वाच्या दाखल्याचाही नाद करून बघितला. 2016 च्या कायद्यात वाचा आणि भाषा दोष धरलेला आहे. बोर्डापुढं गेलो, टक्केवारी चाळीसच्या खाली भरली आणि चाळीसच्या खाली तिचा काही उपयोग नाही. तो विषय तिथंच संपला.

आता शोध. बायोडेटा पोरानं करून दिला. रिकाम्या काळाचं काय करायचं यावर त्याचं नि माझं वाजलं. तो म्हणाला, "फ्रीलान्स लिहा." मी एक ओळ घातली: '2022-23, वैद्यकीय उपचार, पूर्ण.' चेहऱ्यावर एवढी मोठी शिवण घेऊन माणूस समोर बसणार आणि कागदावर फ्रीलान्स? नोकरीच्या साइटवर माहिती भरली. फोन यायला लागले, आणि तिथं सुरुवातीला सांगितलं ते सुरू झालं. मग नावाच्या खालीच लिहिलं, 'कृपया फोनऐवजी व्हॉट्सअ‍ॅप करावे, उच्चार अस्पष्ट आहेत.' फोन बंद झाले. मेसेजही आले नाहीत.

ओळखीच्यांनी सुचवलेली कामं म्हणजे एक वेगळंच प्रकरण. सगळ्यांच्या डोक्यात 'बसून करायचं काम' पक्कं होतं. एका अपार्टमेंटचा वॉचमन, बारा तासांची रात्रपाळी. झेरॉक्सचं दुकान. विम्याची एजन्सी, म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्यानं दारोदार बोलत फिरायचं, आणि तेही कॅन्सर झालेल्यानं! सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणून रागावताही येत नाही. पण माझ्या हातात तीस वर्षांचं मोजमाप आहे हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. आजारी पडलं की माणसाचा धंदाच पुसला जातो.

प्रत्यक्ष मुलाखती झाल्या त्या जुन्या लोकांच्या शब्दावर. गोकुळ शिरगावला एका ठिकाणी तरुण मॅनेजर होता. फाइल बघण्याआधी त्याचा पहिला प्रश्न, "तंबाखू खायचात का?" माझ्या तोंडाकडं बघून हा प्रश्न सगळे विचारतात, बसमधला कंडक्टरसुद्धा. मी म्हटलं, आत्ता तोंडात काही नाही, मायक्रोमीटर द्या. त्याला बहुतेक पहिलं अर्धंच कळलं. दुसरा प्रश्न ठरलेला, "परत येणार नाही ना?" यावर मी खरं तेच सांगायचो: तोंडाचा कॅन्सर उलटायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, माझं पहिलं वर्ष संपलंय, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, तेव्हा मला दोन दिवस रजा लागेल. हे ऐकून काही जण गप्प व्हायचे. पण एक गोष्ट जाणवली. मी आधीच सांगितलं तर पुढचं बोलणं कामावर यायचं. त्यांनी विचारल्यावर सांगितलं तर शेवटपर्यंत आजारावरच राहायचं.

काम मिळालं ते एका सेटरमुळे, म्हणजे मशिन लावून देणाऱ्या कारागिरामुळे. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता उद्यमनगरात एका पंचवीस माणसांच्या शॉपमध्ये आहे. घरी आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बोलू नका, नुसतं या. आमचा एक जॉब गिऱ्हाइकाकडनं परत येतोय, मालक वैतागल्यात."

जॉब म्हणजे पातळ भिंतीचं एक हाउसिंग, आत 72 मिलिमीटरचा बोअर म्हणजे गोल भोक, माप एच-7. म्हणजे 72.000 ते 72.030 एवढाच खेळ. मालक चाळिशीतला माणूस. मला खुर्ची दिली, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि नंतर बघितलं नाही, सगळं लक्ष जॉबवर. म्हणाला, "आमचं बोअर गेज ओके म्हणतंय, त्यांच्याकडं प्लग गेज जाईना. कुणाचं खरं धरायचं सांगा."

मी बोललो नाही. वही काढून लिहिलं: 'तीन जॉंचा चक? प्रेशर किती?' सेटरनं प्रेशर सांगितलं. ते ऐकूनच कळलं. चक म्हणजे मशिनवर जॉब धरणारी पकड, जॉ म्हणजे तिचे जबडे. पातळ जॉब तीन जॉंमध्ये जोरात आवळला की दबतो. दबलेल्या अवस्थेत टूल बोअर अगदी गोल कापतो. चक सुटला की जॉब सैल होऊन आपल्या जागी येतो आणि गोल कापलेला बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला हा तिकोन दिसतच नाही, कारण एका बाजूला जेवढा फुगवटा तेवढीच समोरच्या बाजूला चप्पट. कुठूनही फिरवा, माप तेच. प्लग गेज म्हणजे बोअरमध्ये घालून बघायचा ठोकळा, तो मात्र पूर्ण गोल, तो बरोबर अडकतो. म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

कपाटात तीन टोकांनी मोजणारा एक थ्री-पॉइंट मायक्रोमीटर पडून होता, कुणी वापरत नव्हतं. पुसला, सेटिंग रिंगवर, म्हणजे माहीत मापाच्या कड्यावर, लावून बघितला, मग बोअरमध्ये धरला. रीडिंग लिहिलं. साठ अंश फिरवून परत घेतलं. वीसेक मायक्रॉनचा, म्हणजे 0.020 मिलिमीटरचा फरक आला. मालकानं स्वतः फिरवून बघितलं, परत फिरवून बघितलं. मग मी लिहून दिलं: रुंद सॉफ्ट जॉ लावा, ते जॉबच्याच मापाला बोअर करून घ्या, फिनिशच्या कटाआधी चक एकदा सोडून कमी प्रेशरवर धरा. दुपारपर्यंत सेटरनं जॉ तयार केले. पहिला पीस निघाला, पुसून, गार होऊ देऊन प्लग त्याच्यावर ठेवला. प्लग हवा दाबत आपल्या वजनानं सावकाश आत उतरला. नो-गोची, म्हणजे आत जायला नको ती बाजू तोंडाशीच थांबली.

मालक म्हणाला, "सोमवारपासून या. फोनचं मी बघतो, मोजायचं तुम्ही बघा."

तेव्हा ध्यानात आलं की शॉप फ्लोअरवर तसंही कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. मशिनं सुरू असताना सगळे हातानंच बोलतात: अंगठा वर, दोन बोटांची चिमटी म्हणजे जरासा कट, हात आडवा म्हणजे थांबव. माझ्या धंद्यात आवाजावाचून काही अडत नव्हतं, अडलं ते धंद्याच्या दारात.

पगाराचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं आणि ते मालकाला जरा विचित्र वाटलं. पूर्ण आठ तासांचे 24 हजार देतो म्हणाला. मी म्हटलं, सहाच तास येतो, साडेवीस द्या. त्यानं परत विचारलं, त्याला वाटलं माझे उच्चार चुकले. मी वहीत लिहून दाखवलं. कारण असं: ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, तिची मर्यादा महिना 21 हजार रुपये पगाराची. आधीच्या कंपनीत माझा पगार त्याच्या वर, म्हणून मी कितीतरी वर्षं ईएसआयच्या बाहेर. आणि खासगी मेडिक्लेमवाले माझी डिस्चार्ज समरी बघून एकतर नाही म्हणत होते किंवा असा हप्ता सांगत होते की त्यात दुसरं ऑपरेशन व्हावं. ईएसआयला जुना आजार विचारत नाहीत. पगारातून पाऊण टक्का माझा जातो, सव्वातीन टक्के मालकाचे, आणि मी नि बायको दोघंही त्यात येतो. मोठ्या इलाजासाठी काही महिने वर्गणी भरलेली असावी लागते, ते ठीक आहे. सलग दोन वर्षं नोकरी झाली आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरली गेली, की कॅन्सरसारख्या लांबलेल्या आजारात पगाराच्या ऐंशी टक्क्यांइतका भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. साडेतीन हजार रुपये सोडून मी हे विकत घेतलं. शिवाय सहा तासांच्या वर माझा घोटा चालत नाही हे यादीत होतंच. ओळखीतले एक-दोघं म्हणाले, कागदावर वीस दाखव, वरचे हातात घे. तसलं काही केलं नाही. उद्या क्लेमच्या वेळी कुणी हजेरी काढली तर?

काम आता रुळलंय. सकाळी नऊला जातो, पहिले पीस बघतो, मग गेजेसचं कॅलिब्रेशन आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारींची उत्तरं, ती सगळी ईमेलवर. ऑडिटला गिऱ्हाइकाची माणसं येतात तेव्हा बोलायला डिप्लोमा झालेली एक मुलगी असते. पहिल्यांदा ती माझी वही वाचून दाखवायची, आता वहीच्या पुढचं स्वतः बोलते आणि मी मान डोलावतो. डबा मी अकरालाच आत ऑफिसमध्ये खाऊन घेतो, मऊ भात, दूध-भाकरी कुस्करून. पोरं मागं लागतात, साहेब, आमच्यात बसा. बसतो, पण खात नाही. चमचाभर घासाला मला वेळ लागतो आणि कुणी बघत असलं की आणखी लागतो. कोल्हापुरात राहून तांबड्याला मुकलो. पांढरा रस्सा तेवढा चालतो, तोही बायको मिरी न घालता करते, म्हणजे त्याला पांढरा म्हणायचं एवढंच.

तपासणीला दोन दिवस जातो, ते बिनपगारी. मालक कापत नव्हता, मीच कापायला लावले. उपकार वाढत गेले की एक दिवस त्यांचा हिशेब होतो.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली, स्कॅन स्वच्छ आला. तो मोबाइलवर मालकाला दाखवला तर तो म्हणाला, "आता काय अडचण? पूर्ण वेळ या, सत्तावीस करू." एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीचं काम त्याच्याकडं येतंय, त्याला माणूस हवाय. त्याचं बरोबर आहे. पण सत्तावीस झाले की चालू वर्गणी-कालावधी संपल्यावर मी ईएसआयच्या बाहेर, आणि 58 ला अजून अवकाश आहे. मी म्हटलं, तास तेच राहू देत, पगारही तोच. पैसे खर्चायचेच असतील तर नवी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, म्हणजे ज्यावर ठेवून मोजतात ती सपाट फरशी, घ्या, जुनीला मधोमध खळगा पडलाय, हाइट गेज दर फुटाला वेगळं बोलतंय. कोटेशन मागवलंय.